बाईंनी मला पाठीला बांधलं

मी आज जिवंत आहे तो एका बाईंमुळं. गडचिरोली जिल्ह्यात, मार्कंड्याला जायच्या रस्त्यावरून आत फुटलेल्या एका खेड्यात त्यांची एकरभर द्राक्षबाग आहे. त्या आणि त्यांचे मालक, दोघंच ती बाग सांभाळतात. नाव लिहू का, असं मी फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "माह्यं नाव कायले लिवता बाप्पा, लोकं हसतीन." तिकडं थोरल्या माणसांना भाऊ आणि बाई म्हणतात. मी त्यांना बाईच म्हणायचो, इथंही तेच म्हणतो. आधी त्यांचे उपकार लिहून ठेवले, आता काय झालं ते सांगतो.

मी तासगावकडचा. आठवीत शाळा सुटली आणि हातात छाटणीची कात्री आली. आमच्याकडं द्राक्षाच्या छाटणीच्या टोळ्या असतात. टोळीला एक मुकादम असतो, तो सांगेल त्या बागेत जायचं, काड्या छाटायच्या, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागांना, पेस्ट लावायची. पेस्ट म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावायचं औषध. कुठल्या काडीला लावलं ते कळावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. माझं सगळं आयुष्य त्या लाल बोटांत गेलं म्हणा ना.

बाईंचे मालक, म्हणजे भाऊ, पूर्वी ट्रकवर होते. आमच्याकडची द्राक्षं नागपूरला न्यायचे. एका अपघातात त्यांचा पाय अधू झाला. घरी बसून काय करायचं म्हणून त्यांनी धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या वर, पाणी न साचणाऱ्या जागेवर, आमच्याच भागातल्या काड्या नेऊन लावल्या. वेल वाढले, मांडवावर चढले. पण छाटणी तिकडं कुणाला येत नाही. त्यांनी मुकादमाला फोन केला. हंगामाचे दिवस, टोळी कुठली मोकळी? मुकादम मला म्हणाला, "एकराचं तर काम हाय. तू एकटा जा की."

मी मुळात भित्रा माणूस. रात्री बैल जरी फुरफुरला तरी मी उठून बसतो. एकटा कधी मिरजेच्या पलीकडं गेलो नव्हतो. नागपूरपर्यंत कसाबसा पोचलो. तिथून एसटी निघाली, आणि ब्रह्मपुरी मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. आमच्याकडं रस्त्यानं जाताना लांबवर काय आहे ते दिसतं. इथं रस्त्याच्या कडेपासूनच काही दिसेना. वाघापासून सावध राहा असे फलक मध्येमध्ये लागत होते. मी कंडक्टरला विचारलं, "खरंच असतो का हो वाघ?" तो तिकिटं फाडतच म्हणाला, "नाई जी, फलक शोभेचे हायत." सगळी गाडी हसली. मी नाही हसलो.

गडचिरोलीच्या पुढं एका नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. परक्या बोलीचा म्हणून माझीच पिशवी उघडली. आत पेस्टचे डबे. एकानं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"हे काय होय?"

"द्राक्षाचं औषध हाय साहेब. छाटणीला आलोय."

"इथी द्राक्षं? कोणाले येडं बनवून राह्यला बे?"

भाऊंना फोन लावला तेव्हा कुठं सुटलो. भाऊ फोनवर त्या पोलिसाला सांगत होते, "माह्या बागेत पाहुणा येऊन राह्यला साहेब. द्राक्षं लागले का तुमाले पयले पाठवतो."

बाग मात्र बघून जीव थोडा थाऱ्यावर आला. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, सगळं ओळखीचं. मांडवाखाली उभं राहिलं की तासगावातच असल्यासारखं वाटायचं. बाहेर बघितलं की मोहाची झाडं, पिवळं पडलेलं धान, आणि त्याच्यामागं जंगलाची काळी रेघ.

बाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. ऊन वर आल्याशिवाय बागेत यायचं नाही, ऊन उतरायच्या आत निघायचं. एकट्यानं कुठं जायचं नाही. आणि वाकायचं नाही.

"वाकू नोका भाऊ. वाकलेला माणूस त्याले जनावर दिसते. उभा असला का तो विचार करते."

"आणि काही खाली पडलं तर?"

"मले सांगा. मी उभी राह्यतो तुमच्या मांगं, मंग उचला."

आणि खरंच तसंच चाललं. माझी कात्री पडली की बाई पाठीशी येऊन उभ्या राहायच्या, जंगलाकडं तोंड करून, हातात काठी. भाऊ बांधावर खाट टाकून बसायचे आणि मध्येमध्ये पत्र्याचा डबा वाजवायचे. वाजवला की दचकून माझ्या हातून नको ती काडी कापली जायची. "भाऊ, वाघापेक्षा तुमचा डबा वाईट," मी म्हणालो. त्यावर ते आणखी जोरात वाजवायला लागले.

मीही त्यांना माझा एक नियम सांगितला होता. आमच्याकडं पेस्टच्या कामावर निघताना मुकादम दरवेळी बजावतो, पेस्टच्या दिवसांत आणि नंतरचा आठवडाभर बाटलीला शिवायचं नाही. पेस्ट अंगात मुरलेली असताना दारू पोटात गेली तर माणूस लालभडक होतो, श्वास लागतो, एखादा दगावतोसुद्धा. टोळीतली पिणारी मंडळी तेवढे दिवस तोंड पाडून बसतात. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. त्यामुळं तो नियम मी दुसऱ्यांना सांगण्यापुरताच वापरत आलो. पिणाऱ्यांचा नियम, आपला काय संबंध?

बाई म्हणाल्या, "त मंग आमाले भेव नाई. आमी बौद्धाचे लोक, पंचशील घेतलेले. ह्या घरात थेंब येत नाई." भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडं त्यांनी हात केला. मी निर्धास्त झालो. त्या आठवड्यात मी ज्या एका गोष्टीला भ्यायलो नाही, ती हीच.

छाटणी संपली, पेस्ट सुरू झाली. प्रवासात बाधलेली सर्दी छातीत उतरली होती. हातमोजे घातले होते, पण घामानं आत भिजायचे, आणि खोकला आला की मास्क खाली ओढायचो. दुपारी जेवायला घरी आलो. भात, जवसाची चटणी, वालाची भाजी. मला घास उतरेना. बाईंनी बघितलं.

"खोकला लय झाला तुमाले. थांबा."

आतून एक तपकिरी बाटली आणली. भाऊंना हिवाळ्यात ताकदीसाठी त्या द्राक्षासव द्यायच्या, आयुर्वेदिक दुकानातलं. भाऊ म्हणाले, "घ्या, तुमच्याच गावचे द्राक्षं असतीन त्याच्यात." दोन झाकणं पाण्यातून घेतली. गोड, जराशी तुरट. मी वाटी ठेवली आणि बाईंना म्हणालो, आमची आई असंच काहीतरी काढून द्यायची.

बागेत परत पोचलो असेन नसेन, कान तापले. वाटलं ऊन असेल. मग मान, मग छाती. गालावर हात लावला तर तव्यासारखा. बाई वेलीच्या पलीकडून माझ्याकडं बघून थबकल्या.

"भाऊ, तोंडाले पेस्ट लागली का? पुसा नं."

मी पुसलं. रुमालाला काही लागलं नाही. लाल झालं होतं ते माझं तोंडच.

छाती धडधडायला लागली. नुसती धडधड नव्हे, कुणीतरी आतून दार ठोकतंय असं. मला वाटलं ही माझी नेहमीची भीती असेल. मी भ्यायलो की असं होतंच. म्हणून बोललो नाही. मग श्वास पुरेना, आणि मी खाली बसलो. वाकायचं नाही हेही विसरलो. बाई ओरडल्या, "बसू नोका, बसू नोका," आणि काखेत हात घालून मला बांधापर्यंत आणलं. खाटेवर टाकलं. भाऊ डबा वाजवायचे थांबले.

"खोकल्यानं दम लागला असन," बाई म्हणाल्या. धावत घरी गेल्या, बाटली घेऊन आल्या आणि माझं डोकं मांडीवर घेऊन आणखी दोन झाकणं पाजली. मी प्यायलो. त्यांच्या हातून तेव्हा काहीही प्यायलो असतो.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. उलटी झाली. डोळ्यांपुढं मांडवाच्या तारा खाली-वर व्हायला लागल्या. हातपाय गार, तोंड मात्र जळतंय. मला एवढं कळत होतं की मी मरतोय आणि कशानं मरतोय हे कुणालाच ठाऊक नाही. परक्या मुलखात, जिथं मला ओळखणारी ही दोनच माणसं. आईला कोण सांगेल? ह्यांना तर तिची बोलीसुद्धा नीट कळायची नाही. आणि मग ह्यांच्या दारात पोलीस येतील, नाक्यावरचेच, आणि विचारतील, इथं द्राक्षं कुठं आणि हा माणूस कोण?

मला घरापर्यंत कसं आणलं ते आठवत नाही. अँब्युलन्सचा फोन लागला, पण ती दुसऱ्या गावाला गेलेली. घरात एक मोपेड. भाऊंना पायामुळं चालवता येत नाही, गाडी बाईच चालवायच्या. भाऊ म्हणाले, "कसा बसन तो? पडन नं मांगच्या मांगं."

बाईंनी दोरीवरचं धुतलेलं लुगडं ओढलं. मला गाडीवर मागं बसवलं, स्वतः पुढं बसल्या, आणि भाऊंनी लुगड्यानं आम्हा दोघांना कमरेपासून काखेपर्यंत गुंडाळून करकचून गाठ मारली. एक परका बाप्या एका बाईच्या पाठीला असा बांधलेला. गावातून निघालो तर लोक ओट्यांवरून उठून उभे राहिले. माझी मान त्यांच्या खांद्यावर पडली होती. मला लाजायचीही ताकद नव्हती.

"झोपू नोका," बाई म्हणाल्या. "घरी कोन कोन हाय?"

"आई. धाकटी बहीण."

"बहीण काय करते?"

"नर्सिंगला हाय."

थोडं पुढं गेलं की पुन्हा, "घरी कोन कोन हाय?" मी पुन्हा सांगायचो. दर वेळी मला एकेक शब्द शोधायला जास्त वेळ लागत होता, आणि दर वेळी त्या गाडी जास्त पळवत होत्या.

डांबरी रस्त्यावर जंगलाचा पट्टा लागला आणि गाडी थांबली. वाटेत एक वनरक्षक आडवी काठी धरून उभा. त्याच्या अलीकडं धानाच्या पोत्यांचे दोन ट्रॅक्टर आणि पाच-सहा मोटरसायकली.

"बाई, पुढे वाघीण बसून हाय. पिल्लं हायत संगं. उठली का सोडतो."

"कवा उठन?"

"ते का मले सांगून बसली?"

ऊन उतरायला लागलं होतं. मी बाईंच्या पाठीला बांधलेलो, श्वास घेताना माझ्या तोंडातून शिट्टीसारखा आवाज येत होता. ट्रॅक्टरवरच्या एकानं विचारलं, "अव बाई, भाऊले सोडून हा कोणता बांधून आणला?"

पोरं हसली. बाईंनी मान वळवली नाही.

"द्राक्षासंगं फुकट भेटला. आता मरून राह्यला. तुयं हसाचं झालं असन त ट्रॅक्टर काढ. तू पुढे चाल, मी तुया मांगं."

मग तोच माणूस खाली उतरला, माझ्या डोळ्यांत बघितलं, माझ्या गालाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. "लयच तापला हो," तो म्हणाला. वनरक्षक म्हणाला, "मले परवानगी नाई असं सोडाची." बाई म्हणाल्या, "मंग तू बी चाल."

तो खरंच ट्रॅक्टरवर चढला. एक ट्रॅक्टर पुढं, मध्ये आमची मोपेड, मागं दुसरा ट्रॅक्टर, दोन्ही अंगांना मोटरसायकली. सगळ्यांनी हॉर्न दाबून धरले. कुणी ओरडत होतं, कुणी पोत्यावर काठी बडवत होतं. त्या गलक्यात मला एक गोष्ट स्पष्ट जाणवली. बाईंची पाठ कापत होती. मला बसमध्ये, नाक्यावर, बागेत सतत भीती वाटत होती आणि बाईंना कसलीच वाटत नाही असं मी धरून चाललो होतो. ती पाठ मला चिकटलेली होती म्हणून कळलं.

लोक मागून विचारतात, वाघीण दिसली का? मी डोळे मिटून घेतले होते. एका ठिकाणी सगळे एकदम गप्प झाले, नुसते हॉर्न उरले, आणि उग्र वास आला. नंतर गलका पुन्हा सुरू झाला. तेवढंच.

दवाखान्यात लुगड्याची गाठ सुटेना, कात्रीनं कापावी लागली. डॉक्टर तरुण मुलगी होती. नाडी, रक्तदाब बघितला आणि तिचा चेहरा बदलला. सलाइन लावा म्हणाली, नाकाला नळी लावली. मग विचारलं, "किती घेतली?"

"काय?" बाई म्हणाल्या.

"दारू."

बाई अशा भडकल्या की वॉर्डातली माणसं वळली. "माह्या घरचा पाहुणा हाय तो! माह्या घरात थेंब नाई, बुद्धाची शपथ!"

डॉक्टर शांतपणे म्हणाली, "बाई, मी वाईट म्हणून नाही विचारत. लक्षणं तशी आहेत, पण तेवढ्यानं रक्तदाब एवढा पडत नाही. हे हाताला लाल काय आहे?"

मी कसंबसं सांगितलं, पेस्ट. मुकादमाला लावा म्हणालो. फोन स्पीकरवर ठेवला. तासगावचा आवाज त्या खोलीत आला आणि मला रडू फुटलं.

"काय रं, पिलास का?"

"न्हाई. आईशप्पत न्हाई."

"मग औषध? खोकल्याचं, ताकदीचं? आसव-बिसव काय घेतलंस का?"

मी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "द्राक्षासव देल्लं मी. दोन डाव."

मुकादम म्हणाला, "आवो ताई, आसवात दारू आपोआप तयार हुती. थोडी का हुईना, पण पेस्टवाल्याला तेवढी बास हाय."

बाई तिथंच खाली बसल्या. भिंतीला टेकून, कापलेलं लुगडं छातीशी धरून. डॉक्टर मुकादमाला पेस्टमध्ये काय असतं ते विचारत होती, कुठल्यातरी मोठ्या दवाखान्याला फोन लावत होती, नर्स इंजेक्शन भरत होती. मी वाचणार का, असं विचारायचं माझ्या मनात होतं. पण माझ्याआधी बाईंनीच विचारलं. डॉक्टर म्हणाली, "वेळेत आणलंत. आता उतरेल. आणखी उशीर केला असता तर सांगता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तदाब जाग्यावर आला. बाई घरी गेल्याच नव्हत्या. ज्या ट्रॅक्टरवाल्यानं वाटेत थट्टा केली होती, त्याच्याच बायकोनं पेज पाठवली होती. ती त्या मला चमच्यानं भरवत होत्या आणि स्वतः काही खात नव्हत्या.

"मले वाटलं, परक्या मायचा लेक माह्या हातानं मेला," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "बाई, नियम मला माहीत होता आणि मीच प्यायलो. तुम्ही तर मायेनं दिलंत."

"मायेनं देल्लं म्हणूनच त," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसल्या.

मग त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडं भाऊ. "का जी, माह्यी हिवाळ्याची बाटली संपवली नं तुमी?" एवढं म्हणून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला.

राहिलेल्या वेलींची पेस्ट बाईंनी लावली. मी लांब बांधावर खाटेवर बसून सांगत होतो, हा डोळा, तो नको, खालचा सोडा. त्यांचा हात चांगला आहे. निघायच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर त्या माझी पिशवी धरून उभ्या होत्या. मी विचारलं, बाई, तुमचं माहेर कुठलं? म्हणाल्या, होतं भामरागडाच्या वाटेवर, आता माय-बाप नाहीत, भाऊ नव्हताच. पावसाळ्यात रस्ता बंद व्हायचा तेव्हा माहेरी अडकून पडायचं, ते दिवस फार बरे वाटायचे. आता तसं अडकायला कुठं जागा नाही.

मी घरी पोचलो. अजूनही छाती जरा जास्त धडधडली की उठून बसतो आणि मनगटावर बोटं ठेवतो. आई विचारते, काय झालं? काही नाही म्हणतो.

पण आईशी आणि बहिणीशी बोलून मी एक ठरवलं आहे, आणि ते इथं लिहून ठेवतो म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. बाई, आमचं घर लहान आहे, पत्र्याचं आहे. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढं, पण मी स्वतः येईन, भाऊंना आणि तुम्हाला घेऊन जाईन. तुम्हाला माहेरपणाला आणीन. चुलीपाशी जाऊ देणार नाही, भांड्याला हात लावू देणार नाही. निघताना माझी आई तुमची ओटी भरेल, आणि कापावं लागलं त्या लुगड्याच्या जागी मी माझ्या हातानं नवं लुगडं देईन. भावानं बहिणीला द्यावं तसं.